शाईनवर लॅपटॉप, डबा, पाणी, रेनकोट: पाठीवर किती न्यायचं आणि गाडीवर किती?

कोंडीचा_रोजचा

नमस्कार मंडळी. राहायला जुळे सोलापूर, नोकरी चिंचोळी एमआयडीसीत. आसरा, सात रस्ता, जुना पुणे नाका, बाळे, केगाव, कोंडी असा रस्ता. माझ्या मीटरवर एका बाजूने एकवीस किलोमीटर भरतात. गाडी शाईन, सहा वर्षं जुनी. आजवर ऑफिसात डेस्कटॉप होता, त्यामुळे डब्याची पिशवी हँडलला अडकवली की झालं. दिवाळीनंतर लॅपटॉप हातात दिला आणि सांगितलं, रोज घरी न्यायचा, रोज आणायचा.

परवा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात काट्यावर एकेक वस्तू ठेवून वजन केलं. दुकानदाराला वाटलं मी विकायलाच आणलंय. लॅपटॉप 2.1 किलो, चार्जर आणि माउस मिळून अर्धा, स्टीलची बाटली भरून सव्वा, डबा 900 ग्रॅम, रेनकोट एक किलो. पावणेसहा किलो! एवढं पाठीवर घेऊन रोज बेचाळीस किलोमीटर. उजवा खांदा आता रात्री कुशीवर झोपू देत नाही. त्यात गेल्या महिन्यात केगावजवळ बॅगेच्या पट्ट्याची शिवण सुटली. उरलेला रस्ता बॅग पोटाशी, एक हात तिच्यावर. पुन्हा नको.

चटणीचं तर सांगायलाच नको. घरून शेंगा चटणी वर तेल घालून दिली होती. डबा आडवा झाला आणि तेल थेट चार्जरच्या कप्प्यात. लॅपटॉप वेगळ्या कप्प्यात होता म्हणून वाचला, चार्जरला अजून लसणाचा वास येतो.

मागे टॉप बॉक्स बसवावा असं मनात आहे. पण शंका आहेत. लॅपटॉप बॉक्सात आदळून खराब होतो का? ऑफिसात गाडी उघड्यावर लावतो, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचं ऊन माहीतच आहे. आणि रविवारी मागे बायको आणि मध्ये मुलगी असते, तेव्हा बॉक्स आडवा येईल. बजेट तीन हजार. सहा महिने काथ्याकूट चालू आहे, आता तुम्हीच सांगा.

बार्शी_अकलूज_पंढरपूर

सतरा वर्षं एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी आहे, बॅग हाच माझा संसार. पहिली पाच वर्षं तुमच्यासारखंच सगळं पाठीवर घेतलं, मग मणक्याच्या डॉक्टरांच्या वेटिंगमध्ये औषधं दाखवायला नाही, पेशंट म्हणून बसलो. तेव्हापासून एकच नियम: लॅपटॉप अंगावर, बाकी सगळं गाडीवर.

खड्डा आला की आपण नकळत पायाखालच्या पेगवर जोर देतो, कंबर उचलतो, गुडघे वाकवतो. तो दणका पाठीपर्यंत पोचता पोचता निम्मा होतो. मागच्या कॅरिअरवरच्या बॉक्सला असा कुणी मालक नसतो. तो चाकाच्याही मागे लटकतो, त्यामुळे तिथला झटका सीटपेक्षा मोठा. शिवाय वजन मागे गेलं की पुढचं चाक हलकं होतं. हायवेवर ट्रक शेजारून गेला की हँडल डुलतं ते त्यामुळेच. बॉक्सच्या आत कमाल वजन लिहिलेलं असतं ते वाचा. लहान बॉक्सवर तीन-पाच किलोच असतं, आणि लोक त्यात गॅसची शेगडी नेतात.

तुम्हाला टॉप बॉक्स नको. साइड डिकी बघा, फायबरची, कुलूपवाली, जुन्या बाइकना सर्रास असायची तीच. वजन चाकाच्या शेजारी आणि खाली राहतं, मागे बसणाऱ्याला त्रास नाही. डबा, पाणी, रेनकोट तिच्यात. पाठीवर उरला अडीच किलोचा ऐवज.

आणि स्टीलची बाटली, स्टीलचा डबा पाठीच्या बॅगेत कधीच नको, अगदी लॅपटॉप नसला तरी. घसरून पाठीवर पडलात तर ती बाटली थेट मणक्याखाली येते. हे मी टेंभुर्णीच्या अलीकडे शिकलो. बाटली चेपली, मी तीन आठवडे पालथा झोपलो.

एक युक्ती: बॅगेचे पट्टे थोडे सैल करा, म्हणजे बॅगेचा तळ सीटवर टेकतो. खांद्यावरचा भार सीट घेते. छातीवरचा आडवा पट्टा मात्र लावायचाच.

पेचकस

वरच्या दादांचं बरोबर आहे, पण शेवटच्या युक्तीला माझी हरकत. माझं नवी पेठेजवळ लॅपटॉप दुरुस्तीचं काम आहे. बाइकवाल्यांचे लॅपटॉप मी न विचारता ओळखतो. खालचा कोपरा चेपलेला, बिजागरीजवळ बॉडी तडकलेली. तळ सीटवर टेकला की प्रत्येक खड्ड्याला लॅपटॉपची कड आपटते, कारण बहुतेक बॅगांचा लॅपटॉपचा कप्पा पार तळापर्यंत जातो, मध्ये नुसतं कापड. टेकवायचंच असेल तर त्या कप्प्याच्या तळाशी टॉवेलची चौपदरी घडी ठेवा. सोलापुरात राहून हजाराचं फोमचं कव्हर विकत घेणाऱ्यांची मला गंमत वाटते. आपला टर्किश टॉवेल जगभर जातो, आपल्याच लॅपटॉपला नको?

दुसरं, चार्जर. चार्जरची वीट लॅपटॉपच्या शेजारी कोंबून वर बॅग आवळली की स्क्रीनवर दाब येतो. माझ्याकडे येणाऱ्या फुटक्या स्क्रीनमध्ये पडलेल्यांपेक्षा दाबलेल्या जास्त. चार्जर पुढच्या कप्प्यात. त्याहून बरं म्हणजे दुसरा चार्जर घेऊन एक ऑफिसात ठेवून द्या, तेवढंच वजन कमी.

तिसरं, नुसतं झाकण मिटून निघू नका. हल्लीचे विंडोज लॅपटॉप स्लीपमध्ये असले तरी अधूनमधून आपोआप जागे होतात. बंद बॅगेत पंख्याला हवा मिळत नाही आणि लॅपटॉप तव्यासारखा तापतो. निघताना शट डाऊन किंवा हायबरनेट करा. तुमच्यात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर हे सक्तीचं समजा, चालू डिस्कला खड्डा म्हणजे मरण. एसएसडी असेल तर आत हलणारं काही नसतं, तिथे धक्क्याची भीती बरीच कमी.

उन्हाचं विचारलंत. ॲपल आपल्या मॅकबुकसाठी वापराला 35 अंश आणि नुसता ठेवायला 45 अंश ही वरची मर्यादा देते. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच 43 असतं. काळा बॉक्स उन्हात चार तास उभा राहिला तर आत काय होत असेल ते तुम्हीच ओळखा. बॅटरी फुगून टचपॅड वर आलेले लॅपटॉप मला मे-जूनमध्ये जास्त दिसतात. डिकीत डबा ठेवा, लॅपटॉप वर घेऊन जा.

लूमच्या_गल्लीतला

काय करलालाय बे एवढं! पाच किलोला चर्चासत्र. आमच्याकडे स्प्लेंडरवर सुताचे गठ्ठे येतात. जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून घ्या, कॅरिअरला आवळा, हलणार नाही.

गंमत सोडा मालक, पण ट्यूबचं खरंच ऐका. त्या रंगीत हुकवाल्या इलास्टिकच्या दोरीपेक्षा ट्यूब बरी. ती दोरी सुटली की हुक सरळ तोंडावर येतो, आमच्या शेजाऱ्याचा चष्मा गेला, डोळा थोडक्यात वाचला. गाठ मारली की मोकळं टोक खाली लोंबतं का ते बघायचं. चेनमध्ये गेलं की मागचं चाक जागीच धरतं.

आणि चटणीचं एवढं दुःख असेल तर कडक भाकरी आणि कोरडी चटणी न्यायची. सांडायला काही नाहीच. हां, कोंडीपर्यंत भाकरीचा चुरा होईल, दही घालून खा.

सैफुलची_स्कूटरवाली

प्रश्न बाइकचा आहे, तरी स्कूटरवाल्यांसाठी लिहिते. मी सैफुलहून विद्यापीठात जाते. सुरुवातीला लॅपटॉप सीटखाली ठेवायची. 15 इंची आडवा मावत नाही, तिरका घालून वर सीट दाबली की झाकणावरच दाब येतो, आणि पेट्रोलच्या स्कूटरला खाली इंजिन तापतं ते वेगळं. आता रेनकोट आणि डबा सीटखाली, लॅपटॉप पाठीवर. पायाशी ठेवायची सवय होती तीही सोडली, कारण सात रस्त्याला सिग्नलवर पाय टेकवायला जागा मिळेना आणि एकदा बॅग घेऊनच आडवी झाले.

पावसाबद्दल कुणी बोललं नाही. बॅगेचं रेनकव्हर पाठीच्या बाजूने उघडं असतं. पाणी मानेवरून पाठीवर आणि तिथून बॅगेत उतरतं. सप्टेंबरात बाळ्याच्या पुलाखाली सगळे थांबतात तेव्हा बघा, कव्हर कोरडं आणि आत तळं. लॅपटॉप आधी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड दुमडून, मग बॅगेत. बाहेरचं कव्हर नुसतं शोभेचं समजा. शक्य असेल तर बॅग पाठीवर घेऊन तिच्यावरून मोठ्या मापाचा रेनकोट घाला. कुबड आल्यासारखं दिसतं, दिसू दे.

आणि दादा, मोबाइल हँडलला लावत असाल तर काढा. मोटरसायकलच्या जोरदार कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्याचं फोकस बिघडू शकतं असं ॲपलने स्वतः 2021 साली जाहीर केलं होतं. रोजचा तोच रस्ता, नकाशा कशाला लागतो?

कोंडीचा_रोजचा

सगळ्यांचे आभार. तीन आठवडे झाले, म्हणून लिहितोय.

डिकी घेतली, एकाच बाजूची, सायलेन्सरच्या विरुद्ध. सायलेन्सरच्या बाजूला घेतली तर डबा गरम राहील असं मला वाटलं होतं, पण फिटरने हसून सांगितलं की डिकीचा तळही मऊ पडेल. मग डाव्या बाजूला. साडी गार्डला थोडी झटापट करावी लागली. डिकी, क्लॅम्प, बसवण्याची मजुरी धरून बजेटच्या आत भागलं, उरलेल्या पैशात दुसरा चार्जर घेतला. तो आता ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. बाटलीही रिकामी नेतो, पाणी तिथेच भरतो. हे सहा महिने का सुचलं नाही याचं उत्तर बायकोने विचारलं, मी दिलं नाही.

पाठीवरचं वजन पुन्हा त्याच काट्यावर केलं. बॅगेसकट तीन किलोला थोडं कमी. खांद्याला पहिल्या आठवड्यात काहीच फरक नव्हता, आता मी रात्री कुशीवर झोपतो.

पेचकस दादा, टॉवेल ठेवला, घरातला जुना. टेकवून आणि न टेकवता दोन्ही करून बघितलं. शहरात टेकवतो, पुणे नाक्यानंतर हायवेला पट्टे आवळून बॅग उचलून धरतो. तिथे वेग जास्त असल्यामुळे दणका एकच बसतो पण सणसणीत बसतो.

एक अडचण उरलीय. डिकी एकाच बाजूला, त्यामुळे गाडी डावीकडे किंचित ओढते असा भास होतो. हा वजनाचा परिणाम की माझ्या मनाचा?

बार्शी_अकलूज_पंढरपूर

दोन किलोने गाडी ओढत नाही. टायरची हवा बघा, आणि मागचा एक्सल नट. डिकी बसवताना चाक काढलं असेल तर चेन ताणायच्या जागी चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत का ते आधी तपासा, फिटर घाईत एक बाजू एक घर पुढे ठेवतात आणि चाक तिरकं बसतं.

कोंडीचा_रोजचा

एक घर पुढे होतं.