मदत हवी आहे: बातोनीच्या 'कर्नल गॉर्डन'ची नक्कल – गडद रंग मॅट पडतात, चेहरा मातकट होतो

रेघोट्या
पोम्पेओ बातोनी या इटालियन चित्रकाराने 1765-66 मध्ये रंगवलेलं कर्नल विल्यम गॉर्डनचं चित्र (स्कॉटलंडमधला फायवी किल्ला) अभ्यासासाठी उतरवतोय. मूळ चित्र पूर्णाकृती आहे, मी फक्त वरचा अर्धा भाग घेतलाय: लाल लष्करी कोट, रोमन टोग्यासारखा अंगावर घेतलेला टार्टन (स्कॉटिश चौकड्यांचं कापड), मागे कलोसियम. कॅनव्हास 24 × 30 इंच, अ‍ॅक्रिलिक गेसोचे (रंगाआधी द्यायचं पांढरं अस्तर) 3 हात. त्यावर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला बर्न्ट अंबर (गडद तपकिरी रंग), मग अंबर + टायटॅनियम व्हाइटचं अंडरपेंटिंग (उजेड-सावलीचा खालचा थर) आणि वर ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक थर (1 भाग जवसाचं तेल, 3 भाग टर्पेंटाइन).
टार्टनचे हिरवे-निळे पट्टे वाळले की पांढुरके दिसतात. चेहऱ्यावर कितीही ग्लेझ दिले तरी मातीचा रंग जात नाही. कुठे चुकतंय?

जवस_आणि_टर्प
ही दोन वेगळी दुखणी आहेत.
पट्ट्यांवर बोटाने किंचित तेल चोळून बघा. रंग परत खोल दिसला तर तो खालच्या थरात तेल मुरल्याचा परिणाम. गेसो शोषतो, टर्पेंटाइनने पातळ केलेला अंबर त्याहून जास्त शोषतो आणि तुमच्या ग्लेझमध्ये मुळात तेलच कमी. क्रम उलटा हवा: खालच्या थरात तेल कमी, वर चढत जाल तसं जास्त. शेवटच्या ग्लेझला तेल आणि टर्प 1:1 ठेवा.
आत्तापुरतं: थर स्पर्शाला कोरडा झाल्यावर तेच 1:1 मिश्रण अगदी पातळ चोळा, 10-15 मिनिटांनी धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून घ्या. चकचकीत थर उरला तर तो पुढे पिवळा पडतो आणि वरचा रंग नीट धरत नाही. पुसलेला कपडा चुरगळून टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतो. पाण्यात बुडवा.

कुंचलेकर
+1. चेहऱ्याबद्दल: अंबर आणि टायटॅनियम मिसळलं की खडूसारखा थंड राखाडी येतो. टायटॅनियम व्हाइट हे 20व्या शतकातलं पांढरं. बातोनीकडे होतं ते लेड व्हाइट, बरंच ऊबदार आणि कमी झाकणारं. त्यामुळे पांढरं निम्म्याने कमी करा, त्यात कणभर यलो ऑकर घाला. आणि चेहरा ग्लेझवर उभा करू नका. उजेडाचा भाग अपारदर्शक रंगातच पूर्ण करा, सावलीत रंग पातळ ठेवा. ग्लेझ लागलाच तर गालांवर आणि ओठांवर. तिथे जुनं अ‍ॅलिझरिन क्रिमसन (गडद लाल रंग) उजेडात उडतं, 'परमनंट' लिहिलेली ट्यूब घ्या.

रेघोट्या
तेल चोळल्यावर पट्टे खुलले! चेहरा मात्र तसाच. खरवडू का?

कुंचलेकर
थर पातळ असेल तर खरवडायची गरज नाही, वरून अपारदर्शक रंग द्या. आधी रेखाटन तपासा मात्र. बातोनी इटलीतल्या लुक्का शहरातल्या सोनाराचा मुलगा. 1727 मध्ये रोमला आला आणि प्राचीन मूर्तींची रेखाटनं इंग्रज ग्राहकांना विकून त्याने जम बसवला. त्याच्या चेहऱ्यांचा गुळगुळीतपणा त्या रेषेवर उभा आहे. नाकपुडीची कड किंवा पापणीची जाडी चुकली तर ग्लेझने ती झाकत नाही.

तांब्यावरचा_रंग
थोडं अवांतर. त्याचंच 1767 चं 'येशूचं पवित्र हृदय' रोमच्या जेजू चर्चमध्ये आहे, तांब्याच्या पत्र्यावर तैलरंगात. तांबं तेल शोषत नाही, म्हणून असल्या पत्र्यावर ही पट्टे मरायची कटकटच नसते. गोव्यात आणि वसईत घरोघरी दिसणाऱ्या तसबिरींची परंपरा याच चित्राकडे जाते, फक्त बातोनीच्या येशूने हृदय हातात धरलंय, नंतरच्या छापील चित्रांत ते बहुधा छातीवर असतं.
आता टार्टन. पट्टे सरळ आखून त्यावर सावल्या टाकू नका, कापड पुठ्ठ्यासारखं दिसतं. आधी फक्त घड्या, एकाच मध्यम रंगात उजेड-सावलीसह. ते वाळलं की पट्टे काढा. घडीच्या कडेला पट्टा तोडायचा आणि पलीकडे सरकवून सुरू करायचा. सावलीत पट्ट्याचा रंग बदलतो, नुसता काळा मिसळून भागत नाही. निळ्यासाठी प्रशियन ब्लू चालेल, त्याच्या काळात तो होता. पण मोहरीएवढाच घ्या, पॅलेट खाऊन टाकतो.

जवस_आणि_टर्प
पावसाळ्यात थरांमध्ये आठवडाभर तरी जाऊ द्या. वाळताना चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवू नका, अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. आणि शेवटचं व्हार्निश सहा महिन्यांआधी नको.