मदत हवी आहे: ५ बाय ७ फुटांची बाथरूम नव्याने करायची आहे

घरात एकच बाथरूम, कमोडही आतच. वापरणारे पाचजण, त्यात सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि मुलगी ४ वर्षांची. त्यामुळे दिसण्यापेक्षा पाय न घसरणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

जुन्या फरशा काढून वॉटरप्रूफिंग करायचं, मग २४ तास पाणी साठवून गळती तपासायची, एवढं पक्कं आहे. अडलंय ते दारापाशी. दार आत उघडतं आणि निम्मी जागा खातं. शिवाय आत कोणी पडलं तर ते उघडणारच नाही, ही धास्ती वेगळीच. बाहेर उघडणारं करावं की सरकतं? सरकत्या दाराच्या खाचेत पाणी, साबण साचतो का? आणि कमोडजवळचा आधाराचा दांडा पोकळ विटांच्या भिंतीत पक्का कसा बसवलात? कृपया अनुभव सांगा.