हैद्राबाद की खोपोली? रोलरकोस्टरबद्दल पक्की माहिती हवी

पाटणबोरीकर

दिवाळीच्या सुट्टीत दोन घरची मिळून अकरा माणसं जायची आहेत. गाव पाटणबोरी, तालुका केळापूर. पाळण्यांच्या पार्कांचे पर्याय दोनच उरलेत: हैद्राबादचं वंडरला, नाहीतर खोपोलीचं इमॅजिका. लेकरं चार, वयं ६, ८, १३ आणि १५. सोबत एक काका, बीपीची गोळी सुरू. एका वहिनींना एसटीत बसल्या-बसल्या मळमळतं.

पार्कवाल्यांच्या जाहिरातीत सगळंच 'थरारक' असते, त्यातून काही समजत नाही. कुठं जावं, कोणत्या पाळण्यात कोणाला बसवावं, पुढं बसावं की मागं? आणि उलटा असताना थांबला तर माणसं खाली पडत नाहीत का? घरचे म्हणतात जत्रेतला आकाशपाळणाच बरा, तो निदान हळू फिरते.

हायवेवाला, हिंगणघाट

तुमच्यासाठी हैद्राबाद. यात दुसरा विचार करू नका.

पाटणबोरीहून राष्ट्रीय महामार्ग ४४ धरला की आदिलाबाद, निर्मल, कामारेड्डी करत सरळ खाली. सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. वंडरला शहराच्या दक्षिणेला रविर्याल इथं आहे, म्हणजे तुम्ही उत्तरेकडून येणार आणि पार्क पल्याडच्या टोकाला. गावातून गाडी घालू नका, दीड-दोन तास सहज जातात. मेडचलजवळ बाहेरच्या रिंगरोडवर चढा, शहराला वळसा घाला आणि १३ नंबरच्या एक्झिटला उतरा. गाडी नसेल तर बल्लारशाहून काझीपेठमार्गे सिकंदराबादच्या गाड्या आहेत.

खोपोलीला समृद्धीनं जाता येते. नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे ७०१ किलोमीटर, त्यापुढं खोपोली आणखी लांब. रेल्वेनं वर्धा किंवा बडनेऱ्याहून कल्याण, तिथून कर्जतमार्गे खोपोली लोकल. लेकरं घेऊन हा प्रवास म्हणजे जायला एक दिवस, यायला एक दिवस, आणि पार्कात सकाळी पोचेपर्यंत सगळे अर्धमेले.

अजून एक फरक. वंडरलात कोरडे आणि पाण्यातले पाळणे एकाच तिकिटात येतात. इमॅजिकात थीम पार्क आणि वॉटर पार्क वेगळे, तिकिटंही वेगळी. शनिवार-रविवार आणि भाऊबीजेच्या पुढचे दोन दिवस टाळा.

फिटर, बल्लारपूर

प्रवासाचं वर आलंच आहे, मी यंत्राचं सांगतो. ते समजलं की निम्मी भीती जाते.

रोलरकोस्टरच्या डब्यांना बहुधा इंजिन नसतेच. साखळी गाडीला पहिल्या चढावर ओढून नेते आणि सोडून देते. पुढचं सगळं त्या उंचीच्या भांडवलावर. हिशेब सोपा आहे: ४० मीटरवरून घसरलं तर तळाशी वेग सेकंदाला २८ मीटर, म्हणजे ताशी १०० किलोमीटर. इमॅजिकाचा नायट्रो साधारण याच उंचीचा आहे. म्हणून पुढचा प्रत्येक चढ पहिल्यापेक्षा बुटका असतो. हवा आणि चाकांचं घर्षण वाटेत वेग खात राहते.

चढताना जो टक-टक-टक आवाज येतो, तो ऐकून लोक घाबरतात. खरं तर तो ऐकायला यावा असाच आवाज आहे. डब्याखाली लोखंडी खटका असतो, तो रुळालगतच्या दात्यांवरून एकेक करत पुढं सरकतो. साखळी तुटली तरी खटका मागच्या दात्यात अडकणार, गाडी मागं येणार नाही. विहिरीच्या रहाटाला जशी उलटं फिरू न देणारी खटक्याची कुत्री असते, तसंच.

आता 'उलटं झाल्यावर पडत का नाही'. रेल्वेच्या डब्याला चाकं फक्त रुळावर असतात. इथं तीन जागी असतात: वरून भार पेलणारी, बाजूनं रूळ धरणारी आणि रुळाच्या खालून लागलेली. खालच्या चाकांची ही कल्पना जॉन मिलर या अमेरिकी माणसानं १९१९ साली पेटंट केली. म्हणजे रूळ मुठीत धरल्यासारखा धरलेला असतो, गाडी त्यावर नुसती ठेवलेली नसते. शिवाय गोल वळशात वेगामुळे तुम्ही सीटवर दाबले जाता, पट्ट्याला लटकत नाही.

तो वळसा नीट पाहा. पूर्ण गोल नसतो, पाण्याच्या थेंबासारखा वर निमुळता असतो. पूर्ण गोल केला तर वरून जेमतेम पार होण्याइतका वेग धरूनही तळाशी शरीरावर वजनाच्या सहापट भार येतो, मान सांभाळत नाही. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या 'रिव्हॉल्यूशन' या कोस्टरमध्ये श्वार्झकॉफ आणि स्टेंगेल या जर्मन जोडीनं थेंबाचा आकार वापरला, तेव्हापासून उलटे वळसे सरसकट आले. आज मोठ्या कोस्टरवर चारपटीच्या आसपास भार येतो, तोही क्षणभर. साठ किलोच्या माणसाला तेवढा वेळ २४० किलो वाटतात. सोयाबीनची जवळपास पाच पोती अंगावर, डोळा मिटेस्तोवर.

पुढं की मागं? पुढं वारा आणि उघडा उतार दिसतो, म्हणून भीती डोळ्यांची. मागच्या डब्याचं वेगळं आहे. गाडीचा अर्ध्याहून अधिक भाग उतारावर गेलेला असतो तेव्हा शेपूट अजून माथ्यावर असते, आणि पुढचे डबे तिला ओढून माथा पार करवतात. त्यामुळे मागचा माणूस सीटवरून उचलला जातो. पहिल्यांदा बसणाऱ्यानं मधला डबा घ्यावा. डोकं मागच्या उशीला टेकवून, नजर समोरच्या रुळावर. मान वाकवून पाय पाहत बसलं की खांद्यावरच्या कुशनवर कान आपटतात आणि मग 'फार झटके होते' अशी तक्रार होते.

पाटणबोरीकर

इतकं सविस्तर कोणी सांगतलं नव्हतं, भाऊ. मंग मधेच थांबला तर?

फिटर, बल्लारपूर

थांबतो, आणि थांबलेला बरा. मार्गाचे तुकडे पाडलेले असतात, रेल्वेच्या सिग्नलसारखे. एका तुकड्यात एकच गाडी. पुढचा तुकडा मोकळा झाल्याची खूण सेन्सरनं दिली नाही तर मागची गाडी ब्रेकवर किंवा चढावरच्या साखळीवर धरून ठेवतात. म्हणजे थांबायच्या जागा आधीच ठरलेल्या असतात, आणि तिथं कडेला पायऱ्या असतात. वेळ पडली तर कर्मचारी हात धरून उतरवतात. वळशाच्या डोक्यावर थांबायला तिथं ब्रेकच नसतो.

शेवटच्या सपाट भागात बऱ्याच नव्या कोस्टरना चुंबकी ब्रेक असतात. तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी चुंबकांमधून जाते आणि वेग आपोआप मरतो, वीज गेली तरी.

खांबाडेकर

फिटरभाऊंच्या 'मागची सीट'ला एक दुरुस्ती. वंडरलाचा रिकॉइल हा कोस्टर बूमरँग जातीचा आहे. गाडीला आधी मागच्या चढावर उलटी ओढतात, सोडतात, ती स्टेशनातून सुसाट जाऊन तीन वळसे घेते, पलीकडच्या चढावर जाते आणि तिथून तेच तीन वळसे पाठमोरी परत. म्हणजे सहादा उलटं. परतीला शेवटचा डबा पहिला होतो, त्यामुळे पुढं-मागं हा वाद तिथं फिटून जातो. जाताना दिसते, येताना काहीच दिसत नाही; मळमळणाऱ्याला परतीचा भाग जड जातो. वहिनींना यात नको.

थंडीचंही ध्यानात ठेवा. चाकांवर पॉलियुरेथेनचा (चिवट प्लास्टिकचा) थर असतो, बेअरिंगात वंगण. सकाळी दोन्ही गार, गाडी जरा आळसते. बंडीचं वंगण थंडीत घट्ट होते तसंच. म्हणून उघडायच्या आधी रिकाम्या फेऱ्या मारून चाकं गरम करतात. दुपारनंतर तीच गाडी जास्त पळते. ज्याला जास्त जोर पाहिजे त्यानं संध्याकाळची फेरी घ्यावी, पण रांगही तेव्हाच मोठी.

रांगेचा डाव असा: गेट उघडल्याबरोबर पहिला तास मोठ्या कोस्टरचा. बाकी लोक दाराजवळच्या पाळण्यात अडकतात, तेवढ्यात हे उरकते. एक ते चार पाण्यात. ओले झाल्यावर कोरड्या पाळण्यांकडे परतायचं तर कपडे बदलणं आलं, म्हणून क्रम उलटा करू नका.

वरोरेकर

खोपोलीला एवढं खाली पाडू नका राजेहो. नायट्रोला फरशी नाही. स्टेशनात पायाखालची फरशी सरकते आणि पाय लोंबकळत राहतात, पाचदा उलटं होते. स्विस कंपनीची बनावट, रूळ लोण्यासारखा गुळगुळीत. चपला काढून ठेवाव्या लागतात. डीप स्पेस बंद इमारतीत अंधारात पळते. नुसता रोलरकोस्टर पाहायचा तर इमॅजिकाच वरचढ, पण पाटणबोरीहून अकरा माणसांचं गणित हैद्राबादकडंच झुकते, हे मान्य.

तिथं राजासॉरस नावाची बोटीची सफर आहे, लेकरांना आवडते. तो डायनोसोर काल्पनिक नाही. गुजरातेतल्या रहिओलीच्या हाडांवरून २००३ साली त्याचं नाव ठेवलं. लमेटा नावाच्या ज्या खडकाच्या थरात ती हाडं सापडली, तोच थर आमच्या वरोरा तालुक्यात पिसदुऱ्याला उघडा पडलेला आहे आणि तिथंही डायनोसोरची हाडं निघाली आहेत. ते पाहायला तिकीट नाही.

सिस्टर, घाटंजी

काका आणि वहिनींबद्दल.

बीपी आटोक्यात आहे म्हणून कोस्टर चालतो असं नाही. झटक्यात ठोके आणि दाब दोन्ही चढतात. दाराशी जी पाटी असते, हृदयविकार, उच्च रक्तदाब, गर्भारपण, मान-पाठीचं दुखणं, ती शोभेची नाही. काकांना बोट, छोटी आगगाडी, पाण्यातली संथ नदी पुरे. त्या दिवशी गोळी चुकवायची नाही आणि उन्हात पाणी पीत राहायचं.

मळमळ कोस्टरपेक्षा गोल फिरणाऱ्या पाळण्यांनी जास्त होते. कानातल्या नळ्यांतलं पाणी एकाच दिशेनं फिरत राहते, थांबल्यावरही जग फिरते. कोस्टर दोन मिनिटांत संपतो. वहिनींनी कप-बशी, ब्रेकडान्स असले प्रकार पूर्ण टाळावेत. ॲव्होमिनची गोळी प्रवासाच्या तासभर तरी आधी घ्यावी लागते, ओकारी सुरू झाल्यावर उपयोग नाही. झोप येते, म्हणून ड्रायव्हरला नको, लेकरांना डॉक्टरला विचारून. सकाळी तर्री-पोह्यावर ताव मारून निघू नका आणि उपाशीही नको. दोन पोळ्या, केळं, बस.

लेकरांना वयानं नाही, उंचीनं सोडतात. मोठ्या कोस्टरना साधारण १२० ते १४० सें.मी. लागतात. आठ वर्षांचं लेकरू सरासरी सव्वाशेच्या आसपास असते, म्हणजे काठावर. घरीच भिंतीला खूण करून चप्पल न घालता मोजून न्या. उंची मोजायच्या दांडीला भरलं नाही तर हुज्जत घालू नका. खांद्यावरचा दांडा मोठ्या धडाच्या मापाचा असतो, लहान अंग त्याखालून निसटू शकते.

वायरमन, आर्णी

घरचे म्हणतात जत्रेतला पाळणा बरा, तर हे वाचून दाखवा.

हळू फिरते म्हणून सुरक्षित, हा गैरसमज. पार्कातला पाळणा सिमेंटच्या पायावर कायमचा बसलेला असतो. जत्रेतला आठवड्यात चढते, आठवड्यात उतरते. वणीची रंगनाथस्वामीची असो की चंद्रपूरची महाकालीची, पाळणा उभा राहतो तो लाकडी ठोकळ्यांवर. आपली काळी माती सुकली की भेगाळते, अवकाळी पाऊस आला की फुगून मऊ होते आणि ठोकळे एका बाजूनं दबतात. खांब ओळंब्यात नसले की धुरी एकीकडं भार घेते. मार्कंड्याला वैनगंगेच्या वाळूवर तर ठोकळ्याखाली रुंद फळी पाहिजेच.

तिकीट काढण्याआधी पाच मिनिटं उभं राहून पाहायचं. ठोकळे कोरडे, सरळ आहेत का, की खाली विटांचे तुकडे कोंबलेत? पाळण्याच्या खिळीला आडवी क्लिप आहे, की तार गुंडाळलेली? नटबोल्टला ताजा गंज, वेल्डिंगजवळ रंगाला चीर? चीर म्हणजे आतलं लोखंड हलते आहे. चालवणारा माणसं समोरासमोर भरतो का? एकाच बाजूला भरली की जड बाजू खाली ओढते, ब्रेक घसरते, मोटर कुंथते. जनरेटरला अर्थिंगची तार जमिनीत गेलेली दिसली पाहिजे, आणि वायरचे जोड ओल्या गवतावर पडलेले नकोत. पाळण्यांच्या सुरक्षेसाठी आयएस १५४७५ ही भारतीय मानकं आहेत, पण जत्रेत ती विचारणारा कोणी नसतो. परवान्याची प्रत मागा, दाखवत नसेल तर पुढं चला.

वादळ सुटलं, वीज चमकली की लगेच उतरायचं. चालवणारा 'एकच फेरी राहिली' म्हणेल.

पाटणबोरीकर

हैद्राबाद ठरलं. पाण्यासाठी कपडे कोणते न्यावे? साडी चालते का?

खांबाडेकर

साडी, जीन्स, सुती काहीच चालत नाही. सुताचे धागे सुटून गाळणीत अडकतात, ओलं सुती जड होऊन अंगाला ओढते, आणि जीन्सची चेन-बटणं घसरगुंडीला ओरखडे पाडतात. नायलॉनचा टीशर्ट आणि पॅन्ट यवतमाळलाच घ्या, पार्कात महाग पडते. मंगळसूत्र, कानातले घरीच. बांगड्या काचेच्या नकोत. घसरगुंडीत हात छातीवर आडवे, पायांची घोट्याशी कैची. पाय फाकले की पाणी जोरात नाकात जाते आणि वळणावर माणूस आडवा होते. खाली पोचल्यावर लगेच बाजूला सरका, मागचा येतच असते.