अनुभव धागा : एसी चालू आहे, पण वाराच येत नाही

दुपारचा_चहा
काल शेजारच्या काकूंकडे एसीवाला आला होता. हात वर धरून पाहिलं न पाहिलं आणि म्हणाला, "गॅस गेलाय." ते ऐकलं आणि ठाण्याच्या जुन्या घरातला एक मे महिना आठवला.

बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, पलंगावरून हलायची सोय नव्हती, आणि त्यांच्या खोलीतला दीड टनाचा स्प्लिट नुसता घरघरत होता. झडपेला हात लावला तर गार लागायचं, पण पलंगापर्यंत काही पोचायचं नाही. जो यायचा तो गॅस भरून पैसे घेऊन जायचा. शेवटी गल्लीतले फ्रिजवाले चाचा आले. त्यांनी गॅसचा दाब मोजायच्या गेजला हातही लावला नाही. झडप उघडून आत टॉर्च मारला आणि म्हणाले, "ताई, इकडे या, बघा."

आत ब्लोअरचं लांबट नळकांडं असतं, त्याला कडेने बारीक, बाकदार पाती. त्या पात्यांच्या खाचा काळ्या चिकट मळाने काठोकाठ भरलेल्या. पाती अशी दिसतच नव्हती. पुढची जाळी (फिल्टर) आम्ही नियमित धूत होतो, पण बारीक धूळ आणि फोडणीचा तेलकट धूर जाळीतून आत जातोच. चाचांनी खाली प्लास्टिकची झोळी बांधली, पंपाने पाणी मारलं, बादलीत डांबरासारखं पाणी उतरलं. संध्याकाळी बाबांनी चादर मागितली.

म्हणून कळकळीने सांगते, वारा कमी येणं आणि गारवा कमी असणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. वारा भरपूर आहे पण कोमट आहे, तर गॅस, कॉम्प्रेसर, बाहेरचं युनिट बघा. वाराच येत नाही, तर आधी जाळी, कॉइल (जिच्यावरून जाताना हवा गार होते त्या नळ्या), ब्लोअर. गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरतो, कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती न शोधता भरला तर परत जाणार.

तुमचे अनुभव लिहा. उन्हाळा तोंडावर आहे, कोणाला तरी उपयोग होईल.

मोगरा
आमच्याकडे बर्फ!! रात्री छान, पहाटे वारा गायब आणि झडपेतून टपटप पाणी. उघडलं तर कॉइलवर पांढरा थर

दुपारचा_चहा
मोगरा, मग काय केलंत?

मोगरा
कूलिंग बंद करून नुसता फॅन ठेवला तासभर, वितळलं. कारण नंतर कळलं, जाळी आणि कॉइल दोन्ही चोंदलेली. कुकर झालाय, येते

वायरमन_दादा
मोगराताई म्हणतात ते बरोबर. बर्फ दोन कारणांनी धरतो. कॉइलवरून हवा कमी गेली तरी, आणि गॅस कमी असला तरी. त्यामुळे बर्फ दिसला की लगेच गॅस भरू नका. आधी सगळं धुवा, मग चालवून बघा. परत धरला तर गळती शोधायला लावा. बर्फ सुरीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका, कॉइलला भोक पडलं तर खर्च कितीतरी पटीने वाढतो.

अजून एक. जुन्या, इन्व्हर्टर नसलेल्या एसीत ब्लोअर स्वच्छ असून हळू फिरत असेल तर आतल्या मोटरचा कपॅसिटर बघायला सांगा. छोटी वस्तू आहे, स्वस्त आहे, पण ती कमजोर झाली की मोटर जोर धरत नाही. घरी स्वतः उघडू नका. मेन बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये करंट राहू शकतो.

वऱ्हाडी_पाहुणा
आमच्या नागपुरात अजून कूलरचंच राज्य आहे भाऊ. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की घरोघरी हीच तक्रार, कूलर हवा फेकत नाही. निम्म्या घरी कारण एकच, खिडक्या दारं घट्ट लावून बसलेले. कूलर बाहेरची हवा आत ढकलते, तिला निघायला वाट पाहिजे ना! समोरची खिडकी थोडी उघडा, फरक लगेच कळते.
दुसरं म्हणजे ताट्या, कूलरच्या बाजूंना लावतात त्या वाळ्याच्या. आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं, एका सीझनमध्ये वाळा दगडावानी होते. त्यातून हवा जाईन कशी? दरवर्षी बदलाच. आमची आजी नव्या वाळ्याचा पहिला वास आला की म्हणायची, आता लागला उन्हाळा.

मोगरा
वाळ्याचा वास 😍 माठातही घालायचो आम्ही पुरचुंडी

पन्हंप्रेमी
माठातलं वाळ्याचं पाणी आणि पन्हं! यंदा कैऱ्या आल्या का कुठे? आमच्याकडे अजून नाहीत

मोगरा
आल्यात, महाग आहेत. तुम्ही गूळ घालता की साखर?

पन्हंप्रेमी
गूळच. वर वेलची, चिमूटभर केशर असेल तर

ह्यूस्टनकर
इथे प्रकार वेगळा. सगळ्या घराला एकच यंत्र, माळ्यावरून डक्ट (हवेच्या जाड नळ्या) आणि प्रत्येक खोलीच्या छताला व्हेंट, म्हणजे हवा यायची झडप. घर घेतलं तेव्हा मुलीच्या खोलीत वारा नावालाच यायचा, बाकी घर गारेगार. टेक्सासच्या ऑगस्टमध्ये ती बैठकीत गादी टाकून झोपायची. माळ्यावर चढलो तर आधीच्या मालकाने सामानाची खोकी थेट लवचिक डक्टवर रचलेली, नळी चेपून पार सपाट. खोकी हलवली, नळी ताणून पट्ट्याने वर टांगली, काम झालं.

तंत्रज्ञाने सांगितलेलं लक्षात ठेवण्यासारखं आहे. एसीच्या क्षमतेच्या दर टनामागे मिनिटाला साधारण 400 घनफूट हवा कॉइलवरून जायला हवी. म्हणून वापरात नसलेल्या खोल्यांचे व्हेंट बंद करत सुटू नका, डक्टमधला दाब वाढतो आणि एकूण हवा कमी होते. हवा परत खेचणारी मोठी जाळी सोफ्यामागे लपवू नका. आणि मर्व्ह 13 चा (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक धूळ अडवतो त्याचं माप) दाट फिल्टर लावण्याआधी यंत्राला तो झेपतो का ते विचारा. इंचभर जाडीचा दाट फिल्टर लावून वारा मंदावल्याची उदाहरणं इथे घरोघरी आहेत.

दुपारचा_चहा
ह्यूस्टनकर, मुलीची खोली गार झाली हे वाचून बरं वाटलं. लेकरांची झोप उन्हाळ्यात फार मोडते.

खाडीकाठ
आमची उलट गोष्ट. वारा दणकून, गारवा शून्य. बिल्डिंग खाडीला लागून, शेजारी नाला. नाल्याच्या वायूने तांब्याची कॉइल काळी पडते, सूक्ष्म छिद्रं पडतात. आमच्या विंगमध्ये जवळपास सगळ्यांच्या कॉइल बदलून झाल्यात. नवीन घेताना कॉइलला संरक्षक लेप आहे का, कॉइलची वॉरंटी किती, हे लेखी घ्या

सहावा_मजला
बाहेरच्या युनिटवर कबुतरं. पिल्लं आहेत म्हणून हात लावता येत नाही. कोणी उपाय सांगा

मोगरा
पिल्लं उडाली की लगेच जाळी लावून घ्या, मध्ये वेळ गेला तर परत अंडी घालतात. आणि युनिटची मागची बाजू झाकू नका

सहावा_मजला
धन्यवाद ताई. मिस्टर म्हणतात जाळीवाला मिळाला तरी सहाव्या मजल्यावर बाहेर कोण उतरणार

वायरमन_दादा
पट्टा बांधून उतरणाराच बोलवा. पट्ट्याशिवाय कोणी तयार झाला तरी नाही म्हणा. वर्षानुवर्षं हे काम करतोय, गंजलेल्या ब्रॅकेटवर पाय देणारी पोरं बघून जीव वर येतो. तुम्ही घरातून ठामपणे सांगितलंत तर ती ऐकतात.

निवांत_रविवार
पावसाळ्यात माझ्या आईचा रोज फोन, एसी बिघडला, फॅनचं बटण दाबते तर वारा वाढत नाही. रिमोटवर थेंबाचं चित्र होतं. तो ड्राय मोड. त्यात बहुतेक एसी पंखा मुद्दाम हळू ठेवतात, बटण चालतच नाही. बर्फाच्या फुलाचं चित्र येईपर्यंत मोड बदलायला सांगितलं, वारा आला. आई-बाबा एकटे राहत असतील तर रिमोटवर फूल आणि थेंब मोठ्ठं काढून कागद चिकटवून ठेवा

पन्हंप्रेमी
हे आजच करते, सासूबाईंच्या खोलीत. त्यांना वारा थेट अंगावर नको असतो, त्या झडप वर करतात आणि मग म्हणतात येत नाही 🙂

वऱ्हाडी_पाहुणा
त्यांना नागपूरले पाठवा, अंगणात बाजेवर झोपवू!

काकूंची_शेजारीण_नाही
चहाताई, पण त्या शेजारच्या काकूंचं पुढे काय झालं? भरला का गॅस?

दुपारचा_चहा
नाही भरला. मी गेले, वारा तपासला, जेमतेम होता. त्याला म्हटलं आधी ब्लोअर दाखवा. गेज लावायच्या आधी सर्व्हिस करायचं ठरलं, उद्या सकाळी येतोय. काकू एकट्या असतात, तेव्हा मीही थांबणार आहे. कोणाला अजून काही विचारून घ्यायचं असेल तर आज रात्रीपर्यंत लिहा, त्याला विचारते.

मोगरा
विचारा ना, फोमने धुतलेलं चांगलं की पाण्याने?