मदत हवी आहे: वारसनोंद झाली, तरी आईचा पीएम किसानचा अर्ज अडकला

नमस्कार मंडळी. वडील गेले, त्यानंतर शेत वारसाने आईच्या नावावर झालं. फेरफार मंजूर आहे, सातबाऱ्यावर तिचं नाव आलंय. वडिलांना पीएम किसानचे वर्षाला ६००० आणि राज्याच्या 'नमो शेतकरी'चे तेवढेच मिळायचे. आता आईच्या नावाने नवीन नोंदणी केली आहे. ई-केवायसी झाली, बँक खात्याला आधार जोडलंय, पण स्टेटसमध्ये लँड सीडिंगपुढे (म्हणजे जमिनीची नोंद अर्जाला जोडली गेली का, त्यापुढे) अजून 'नो'च दिसतं.

योजनेत १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर आलेल्यांना लाभ नाही, मात्र मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने आली असेल तर चालते. आमचं प्रकरण अगदी तेच आहे. तरी कार्यालयात सांगतात, "नोंद २०१९ नंतरची आहे, बसत नाही." तलाठी कृषी कार्यालयाकडे बोट दाखवतात, ते तहसीलला पाठवतात. आईला गुडघेदुखी आहे, तिला असं फिरवणं मला सहन होत नाही. खत-बियाण्याच्या वेळेला हेच हप्त्याचे २००० रुपये उपयोगी पडतात.

ज्यांचं वारसाचं प्रकरण मंजूर झालंय त्यांनी कृपया सांगा: मृत्यूचा दाखला आणि वारसाचा फेरफार यांशिवाय वडिलांच्या नावाचा २०१९ पूर्वीचा फेरफारही जोडावा लागला का? लँड सीडिंग नक्की कुणाच्या लॉगिनमधून दुरुस्त होतं? आणि वडील गेल्यानंतर त्यांच्या खात्यात एक हप्ता आलाय, आम्ही त्याला हात लावलेला नाही. तो परत कसा करायचा? त्यामुळे तर आईचा अर्ज अडला नसेल ना?