मदत हवी आहे : मेपलचा रस घरी आटवताना पाक नेमका कधी उतरवावा?

नमस्कार. आम्ही कॅनडात ओटावाजवळ राहतो आणि आमच्या परसात शुगर मेपलची दोन जुनी झाडे आहेत. रात्री पारा शून्याखाली आणि दुपारी चार-पाच अंशांवर, असे मार्चचे दिवस सुरू होताच आम्ही खोडांना चार सेंटिमीटर खोल भोके पाडून तोट्या बसवल्या असून झाकणाच्या बादल्यांत रस जमू लागला आहे. पुरेसा रस साठला की तो अंगणात गॅसच्या शेगडीवर, स्टीलच्या पसरट पातेल्यात आटवायचा विचार आहे, कारण एवढी वाफ घरात कोंडली तर भिंती ओल्या आणि चिकट होतात.

माझे माहेर कोल्हापूरकडचे असल्याने काहिलीतला उसाचा रस आणि काकवी लहानपणापासून पाहिलेली आहे. परंतु उसाचा रस मुळातच गोड असतो, तर मेपलच्या रसात साखर जेमतेम दोन टक्के, म्हणजे चाळीसेक लिटर रस आटवावा तेव्हा लिटरभर सिरप हाती येणार. एवढे इंधन जाळल्यावर शेवटच्या दहा मिनिटांत पाक बिघडू नये, ही माझी मुख्य काळजी आहे.

गुलाबजामचा पाक मी दोन बोटांत धरून एकतारी झाला की उतरवते. तीच खूण इथे चालेल, की १०४ अंश सेल्सिअस हा आकडाच धरावा? दुसरे असे की, गुऱ्हाळात मळी वर आणण्यासाठी भेंडीचा चिकट रस घालतात, तसा तो मेपलला चालतो का? आणि एका दिवसात आटवणे झाले नाही, तर रस किती दिवस टिकतो? ज्यांनी हे स्वतः केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

ताई, या कामात तारेवर विसंबू नका. बोटावर घेतलेला थेंब क्षणात गार होतो आणि त्यावरून अर्ध्या-एक अंशाचा फरक कळत नाही, पण इथे तेवढाच फरक महत्त्वाचा असतो. पाक पातळ राहिला तर बाटलीत आंबतो. जास्त आटला तर तळाशी खडीसाखरेसारखे खडे धरतात. १०४ हा आकडाही आंधळेपणाने धरू नका. हवेच्या दाबाप्रमाणे पाण्याचा उत्कलनबिंदू रोज थोडा हलतो, म्हणून त्या दिवशी त्याच थर्मामीटरने आधी साधे उकळते पाणी मोजा आणि त्याच्या वर सुमारे चार अंश झाले की पाक उतरवा. तेव्हा साखरेचे प्रमाण ६६ ब्रिक्सच्या (म्हणजे वजनाने सुमारे ६६ टक्क्यांच्या) आसपास येते, आणि कॅनडात सिरपसाठी किमान तेवढे लागतेच.

पाक होत आला की मोठे, पारदर्शक बुडबुडे जाऊन बारीक सोनेरी फेस भराभर वर चढू लागतो. या वेळी पातेल्यापासून हलू नका; चमच्याला तुपाचे बोट लावून फेसाला टेकवले तरी तो बसतो. उलथने बुडवून आडवे धरले असता पाक सुटे थेंब न पडता कडेवरून पापुद्र्यासारखा ओघळला, तर तो झाला असे समजावे. हा शेवटचा टप्पा लहान पातेल्यात, आच हातात ठेवता येईल अशा शेगडीवर करणे मला अधिक सुरक्षित वाटते.

भेंडी अजिबात घालू नका. इथे तळाशी बसणारा वाळूसारखा गाळ म्हणजे मुख्यतः कॅल्शियम मॅलेट हा क्षार. रस दाट होताना तो आपोआप वेगळा होतो. मलमलीतून तो निसटतो, म्हणून पाक कडकडीत गरम असतानाच लोकरीच्या जाड गाळणीतून गाळा आणि ८५ अंशांच्या आसपास, निर्जंतुक बाटल्यांत भरून लगेच झाकण लावा. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी.

कच्चा रस दुधासारखाच नाशवंत आहे. चार अंशांखाली, सावलीत बर्फात पुरून ठेवला तरी आठवड्याच्या आत आटवून टाका. वर बर्फाचा थर धरला तर तो काढून फेकलात तरी चालेल. त्यात साखर फारच कमी असते, शिवाय तेवढे इंधन वाचते. झाडाच्या कळ्या फुगू लागल्या की मात्र तोट्या काढा, कारण त्यानंतरच्या रसाच्या सिरपला उग्र वास येतो आणि तो कितीही उकळले तरी जात नाही.