टीआरएस-८० मॉडेल १००: बोर्डावरची मेलेली बॅटरी काढून काय लावावं?

कळफलक_कट्टा (प्रश्न)

मशीन म्हणजे १९८३ सालचा, वहीच्या आकाराचा जुना पोर्टेबल कॉम्प्युटर, ३२ के रॅमचा. चार पेन्सिल सेल घातले की मेनू येतो, टायपिंग होतं, सगळं ठीक. पण सेल बदलायला काढले की मेमरी कोरी आणि तारीख १९०० वर. केस उघडली तर बोर्डावर सोल्डर केलेल्या ३.६ व्होल्टच्या निकेल-कॅडमियम बॅटरीभोवती हिरवट-पांढरा थर जमलाय. पेन्सिल सेल काढून मोजलं तर ०.४ व्होल्ट. तसल्या ५० एमएएचच्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या मागे लागावं, की दुसरं काही चालेल? सीआर२०३२ हा नाण्यासारखा लिथियम सेल सहज मिळतो, तो लावता येईल का? आणि हा थर कशाने काढायचा?

रोझीन_आणि_फ्लक्स

काय लावायचं ते नंतर ठरवा. ही बॅटरी आजच बाहेर काढा, कारण गळती थांबलेली नसते. आतला पोटॅशियम हायड्रॉक्साइड पायांवरून आणि बोर्डाच्या भोकांतून सरकत जातो आणि हिरव्या मास्कखालचं (बोर्डावरच्या रंगीत लेपाखालचं) तांबं खातो.

पेन्सिल सेल आणि अॅडॉप्टर काढा. तळाचा मेमरी पॉवरचा स्विच बंद करा. तळाचे चार स्क्रू काढल्यावर वरचा भाग एकदम उचलू नका. डिस्प्ले आणि कीबोर्डच्या केबल दोन्ही अर्ध्या भागांना जोडलेल्या असतात, त्या आधी कनेक्टरमधून सरळ वर ओढून सोडवा. अधिक-उणे खुणांसकट बोर्डाचा फोटो घेऊन ठेवा.

अख्खी बॅटरी तापवून उपसायला जाऊ नका. गंजलेलं सोल्डर वितळत नाही, जोर लावला की भोकातलं तांब्याचं अस्तर पायाबरोबर बाहेर येतं. आधी कटरने पाय वरून कापा, बॅटरी बाजूला काढा. मग एकेका पायावर फ्लक्स आणि थोडं नवं सोल्डर घाला, आयर्न ३५० अंशांवर ठेवून पाय चिमट्याने अलगद काढा. नवं सोल्डर जुन्यात मिसळल्यावरच ते नीट वाहायला लागतं.

थर अल्कलीचा आहे, म्हणून आधी सौम्य आम्ल. पांढरं व्हिनेगर कापसाच्या काडीने लावा, फेस किंवा रंग सुटायचा थांबेपर्यंत जुन्या टूथब्रशने हलकं घासा. मग डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवा, शेवटी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि बोर्ड पूर्ण वाळू द्या. लिंबाचा रस नको, त्यातली साखर चिकटून राहते. थेट अल्कोहोलपासून सुरुवात केली तर अल्कली जागच्या जागीच राहते आणि काही महिन्यांनी थर परत दिसतो.

हातमोजे घाला. कॅडमियम विषारी आहे, जुनी बॅटरी ई-कचऱ्यातच द्या.

मिलिअँप_तास

सीआर२०३२ थेट लावू नका. मशीन या बॅटरीला स्वतः चार्ज करतं. प्रायमरी, म्हणजे परत चार्ज न होणारा, लिथियम सेल चार्ज झाला तर फुगतो, फुटूही शकतो. डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घालून चार्जिंगची वाट बंद करता येते, पण त्यातून फारसं हाती लागत नाही. मूळ ५० एमएएचवर ३२ के रॅम साधारण ८ दिवस टिकते असं मॅन्युअल सांगतं (८ के असेल तर ३०). त्या हिशोबाने २२० एमएएचचा सीआर२०३२ महिनाभराने संपणार, आणि मग परत केस उघडायची.

योग्य बदल म्हणजे ३.६ व्होल्टचा निकेल-मेटल-हायड्राइड बटण सेलचा संच, ८० एमएएचचा. वार्टाचा ३/व्ही८०एच हा अशा कामासाठीच केलेला आहे. त्याच प्रमाणात १२-१३ दिवस मिळतील. पाय भोकांत बसले नाहीत तर दोन छोट्या वायरी जोडा आणि संच दुहेरी टेपने चिकटवा.

तो मिळाला नाही तर कॉर्डलेस फोनचा ३.६ व्होल्टचा तीन सेलचा संच चालेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत विचारा. तो ३०० एमएएचच्या आसपास असतो, पण इथला चार्जिंगचा करंट ५० एमएएचच्या बॅटरीसाठी बेतलेला आहे. त्यामुळे भरायला खूप वेळ लागतो. शिवाय तो जाड असतो, केस बंद होते का ते सोल्डर करण्याआधी पाहा.

रोझीन_आणि_फ्लक्स

बॅटरीऐवजी सुपरकॅपॅसिटरचाही (जास्त चार्ज साठवणाऱ्या कॅपॅसिटरचा) विचार व्हायला हवा. तो गळून बोर्ड खात नाही, हे माझ्या लेखी फार मोठं आहे.

मिलिअँप_तास

मान्य, पण आकडा पाहा. १ फॅरडचा, ५.५ व्होल्टचा कॅपॅसिटर ५ वरून २ व्होल्टपर्यंत उतरला तर त्यातून मिळतात ३ कूलंब, म्हणजे ०.८३ एमएएच. मॅन्युअलच्याच प्रमाणात सुमारे तीन तास. पेन्सिल सेल बदलायला तेवढे भरपूर झाले, पण मशीन सेल काढून कपाटात ठेवायचं असेल तर अपुरे. सेल कायम आत राहणार असतील तर कॅपॅसिटर घ्या, नाहीतर निकेल-मेटल-हायड्राइड.

कळफलक_कट्टा

बॅटरी काढली, साफ केलं. एका पायाजवळचा ट्रॅक काळा पडलाय, मल्टिमीटर बीप देत नाही.

रोझीन_आणि_फ्लक्स

काळा मास्क ब्लेडने खरवडा. चकचकीत तांबं लागेपर्यंत दोन्ही बाजूंना मागे जा आणि ३० गेजची वायर टाकून दोन टोकं जोडा. बोर्ड उघडाच आहे तर इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरही बघून घ्या. या मशीनमध्ये तेही गळतात. आधी +५ आणि −५ व्होल्ट दोन्ही मोजा. −५ डिस्प्ले आणि आरएस-२३२ला (सीरियल पोर्टला) लागतो, तो पडला की स्क्रीन फिकी दिसते आणि लोक उगाच डिस्प्लेला दोष देतात.

मिलिअँप_तास

जोडून झाल्यावर मेमरी पॉवरचा स्विच चालू करा, तो बंद असेल तर मशीन उठतच नाही. मग कंट्रोल आणि ब्रेक दाबून धरून मागचं रीसेट दाबा. मेनूत बेसिक, टेक्स्ट, टेलकॉम, अॅड्रेस, शेड्यूल आणि खाली २९६३८ बाइट मोकळे दिसले की रॅम पूर्ण सापडली. तारीख बेसिकमधून घाला. घड्याळाच्या चिपमध्ये वर्षाची नोंदच नसते, ते रॅममध्ये राहतं, म्हणून मेमरी गेली की वर्षही जातं.

नवा संच चार्ज करायला अॅडॉप्टर लावणार असाल तर थांबा. याला ६ व्होल्ट, ४०० मिलिअँप लागतो आणि मधली पिन *उणे* असते. हल्लीचे बहुतेक अॅडॉप्टर मध्ये अधिक देतात. पिन मल्टिमीटरने मोजल्याशिवाय लावू नका.